मधली पट्टी

गुरुवार, शाळा सुटल्यावर
सातवीचा वर्ग, तुझ्याच खुर्चीवरून

प्रिय ताई,

परवा मंगळवारी, तिसऱ्या तासाला, दोरीवर चिमट्यानं अडकवलेल्या कागदाच्या एका पट्टीनं माझं सगळं फिरवलं. काय झालं ते सांगतोच. पण आधी इकडचं तिकडचं बोलू दे, एकदम विषयाला हात घालायचा धीर नाही.

तुझी तब्येत आता बरी असेल. बाळ कुणावर गेलंय हे ठरलं नसेल, तर माझ्यावर गेलंय असं कुणालाही म्हणू देऊ नकोस, बिचाऱ्याची आत्तापासून बदनामी नको. दाजींना नमस्कार. आईला सांग, मी वेळेवर जेवतो आणि शर्ट स्वतः धुतो. दुसरं खरं आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर मी ओरडतो. कागदावर ओरडायला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो.

रविवारीही ओरडलोच. म्हटलं, कॉलेजात परत घेण्याचा फॉर्म मी भरणार नाही, कारण त्यावर विभागप्रमुखांची सही लागते, आणि ज्या माणसानं सगळ्या वर्गासमोर माझा अपमान केला त्याची पायरी मी चढणार नाही. शनिवार शेवटची तारीख, तरी नाही. तू शांतपणे म्हणालीस, "तुझं बरोबर आहे रे, पण वर्ष जाईल." त्यातलं 'तुझं बरोबर आहे' तेव्हापासून टोचतंय.

असो. तुझ्या वर्गाची बातमी.

तू बाळंतपणाच्या रजेवर जाताना मोठ्या बाईंना गळ घातलीस आणि लेखनाचे तास माझ्या गळ्यात पडले. पहिल्या आठवड्यात मी 'पाण्याच्या टाकीला भेट' यावर लिहायला सांगितलं. अडतीस वह्या तपासल्या. 'आम्ही टाकीवर गेलो. आम्ही टाकी बघितली. टाकी मोठी होती. आम्ही परत आलो.' ताई, अडतीस पोरं एकाच तालात पायऱ्या उतरताहेत असं वाटलं. मी चिडलो, हे सांगायला नकोच. म्हटलं, "ही वाक्यं आहेत की विटा? सगळी एका मापाची?" तर दुसऱ्या बाकावरचा तो, सगळे ज्याला वकील म्हणतात, उभा राहिला. "सर, तुमची वाक्यं पण सारखीच असतात. सगळी 'गप्प बसा'वर संपतात."

वर्ग हसला. मी गप्प बसलो.

मग तुझी वही उघडली. पहिल्याच पानावर: 'मोठ्यानं वाचून घे. दम लागला तर वाक्य तोड, झोप आली तर जोड.' हे जमलं. पोरं एकमेकांचं मोठ्यानं वाचू लागली, मुद्दाम धापा टाकू लागली, घोरू लागली. मोठ्या बाई दारातून डोकावल्या, तेव्हा अर्धा वर्ग बाकांवर माना टाकून पडला होता. म्हटलं, "बाई, वाक्यं तपासतोय." त्या म्हणाल्या, "दिसतंय." पण दोन आठवड्यांत वह्या बदलल्या. आज एकीनं लिहिलंय, 'टाकीच्या आत वाकून हाक मारली तर आपलाच आवाज मोठा होऊन येतो, पण शिपाईमामांनी हाक मारायला बंदी केली म्हणून आम्ही फक्त शिंकलो.' हे वाक्य मी तीनदा वाचलं, तुझी शपथ.

आता पट्ट्या.

तुझी पद्धत तुलाच सांगतोय, पण पुढचं त्यावरच उभं आहे. खिडकीच्या गजापासून कपाटापर्यंत दोरी. तिच्यावर सहा आखूड वाक्यांच्या सहा पट्ट्या. टेबलावर जोडशब्दांची कार्डं: म्हणून, कारण, तरी, तेवढ्यात, त्याआधी. पोरांनी येऊन पट्ट्या हलवायच्या, मध्ये कार्डं लावायची, परिच्छेद चालता-बोलता करायचा. आणि तुझा नियम: वाक्यं पुस्तकातली नकोत, ती आधीच विंचरलेली असतात, खरोखर घडलेलं लिहायचं, फक्त नावं घालायची नाहीत.

मंगळवारी मी तयारी न करता आलो. वर्गाबाहेर उभं राहून, पट्टीमागून पट्टी, हाताला येईल ते लिहिलं. दोरीवर लावल्यावर बघतो तर:

तो वाचनालयात गेला.
ती वाचत होती.
त्याने तिला एक गोष्ट विचारली.
ती गप्प राहिली.
तो उठून गेला.
त्याने कॉलेज सोडलं.

काढून घ्यायला हात वर केला, पण वर्गानं वाचलं होतं. मागून आवाज, "सर, लव्हस्टोरी आहे?"

"नाही. दोघं शास्त्रज्ञ आहेत."

"मग त्यानं काय विचारलं?"

"प्रयोगाबद्दल."

"प्रयोग फसला वाटतं," वकील म्हणाला.

हो ताई. एक मुलगी आहे. माझ्याच वर्गातली. तुला आठ महिने सांगितलं नाही, कारण तू लगेच विचारलं असतंस की तिला माहीत आहे का.

वकिलानं झोकात येऊन जोडलं: 'त्याने तिला एक गोष्ट विचारली, तरी ती गप्प राहिली, म्हणून तो उठून गेला आणि त्याने कॉलेज सोडलं.' टाळ्या. मलाही पटलं. माझ्या डोक्यात तीन महिने हेच वाक्य, याच क्रमानं होतं.

मग खिडकीजवळची ती आली. तूच तिचं नाव 'कुजबुज' ठेवलंयस ना? चार आठवड्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तिनं दोन पट्ट्या काढल्या आणि उलट्या लावल्या. 'तो उठून गेला, म्हणून ती गप्प राहिली.'

"अगं, असं कसं?" मी म्हटलं. "आधी ती गप्प राहिली."

ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "सर, विचारलं आणि उठून गेला, यात किती वेळ गेला?"

"असेल... मिनिटभर."

"मग तिनं बोलायचं कधी? तुम्ही आम्हाला एका उत्तराला दहा मिनिटं देता."

वर्ग असा उसळला, जणू कुजबुजनं षटकार मारलाय. मी पाठ फिरवून फळा पुसायला लागलो. फळ्यावर काही नव्हतं.

पण वकिलाचं अजून व्हायचं होतं. आपलं वाक्य पडलं म्हणून तो इरेला पेटला. दोरीशी येऊन म्हणाला, "हे चालणारच नाही, सर. ती गप्प राहिली म्हणून कुणी कॉलेज सोडतं का? 'उठून गेला' आणि 'कॉलेज सोडलं' यांच्यात एक पट्टी गाळलीय. मधली पट्टी द्या."

मी म्हटलं, "घंटा झाली."

घंटा व्हायला बारा मिनिटं होती, ताई.

ती मधली पट्टी आता तुला देतो. वाचताना बाळ मांडीवर नसू दे.

त्या दिवशी वाचनालयातून उठलो तो थेट रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला गेलो. उशीर झाला होता. विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी बस. पाणी पी. मग सांग." एवढंच. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, काही नाही. मला वाटलं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलंय आणि ते कीव करताहेत. मी डोक्यात राख घालून घेतली. 'इथे सगळे फुकट जागा अडवून बसलेत' हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं असं मी घरी सांगितलं ना, ते मी त्यांना म्हणालो होतो. बाकीच्या मुलांसमोर. मग माझं जर्नल त्यांच्या टेबलावर फाडलं आणि निघालो.

घरी आल्यावर तू विचारलंस, "कुणी काय बोललं का तुला?" मी म्हटलं, हो. एकदा 'हो' म्हटल्यावर पुढचं रचायला काय लागतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू सातव्या महिन्यात, पाय सुजलेले, तरी बसून त्या भल्या माणसाला दोन पानी पत्र लिहिलंस, आणि मी ते स्वतःच्या हातानं टपालपेटीत टाकलं.

हे लिहून झालं. आता श्वास नीट चालतोय.

काल, बुधवारी, मी त्यांच्याकडे गेलो. व्हरांड्यात दोनदा मागे फिरलो. आत गेल्यावर सगळं एका दमात सांगितलं, तोडायचं-जोडायचं काही सुचलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुझ्या बहिणीचं पत्र मिळालं होतं," ते म्हणाले. "उत्तम लिहितात. एकही शब्द जास्त नाही. फक्त एकही खरा नव्हता."

"चूक माझी आहे, सर. तिला माहीत नव्हतं."

"ते वाचतानाच कळलं. एवढं छातीठोक खोटं लिहिणाऱ्याला स्वतःला ते खरं वाटावं लागतं. उत्तर द्यायला कागद घेतला होता मी. मग म्हटलं, भाऊ सांगेल कधीतरी. बराच वेळ लावलास."

सही केली, ताई. फॉर्मवर आहे, निळ्या शाईत, मी पुन्हा पुन्हा काढून बघतोय. जर्नल मात्र पहिल्या प्रयोगापासून पुन्हा लिहायचं, म्हणाले. निघताना विचारलं, "सध्या काय करतोस?" म्हटलं, सातवीला वाक्यं शिकवतो. तेव्हा पहिल्यांदा हसले. "कोण कुणाला?"

बाहेर आलो आणि जिन्यात बसून चक्क रडलो, मग हसलो, मग एवढी भूक लागली की विचारू नकोस. तीन महिन्यांत मला भूक लागलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

तुझ्या तासांचं काय, अशी काळजी करू नकोस. कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होईल, तोवर माझे ठरलेले सहा आठवडे पुरे होतात. आणि एक मागणं आहे. तू सरांची माफी मागणारं पत्र लिहू नकोस. तुझ्या वाटचीही मी मागून आलोय. माझ्यावर मात्र हवं तेवढं चिडून घे. फोनवर, पत्रात, समोर, जसं सोयीचं असेल तसं. ऐकून घेईन. जमेल असं वाटतंय.

राहिली ती. काल संध्याकाळी तिला निरोप पाठवला: 'मला काही विचारायचं नाही, तुझं ऐकायचंय.' तासाभरानं उत्तर आलं: 'उद्या साडेपाच, कॉलेजच्या फाटकासमोरचा बाक. मध्ये बोलायचं नाही.' यातून हो निघतं की नाही, हे मी बाराशे वेळा वाचून पाहिलं. काहीच निघत नाही. आणि गंमत म्हणजे, त्याची भीतीही वाटत नाहीये. ती नाही म्हणाली तर दुखेल, खूप दुखेल, पण तिचं तिनं म्हटलेलं असेल.

पाच वाजत आले. शिपाईमामा बाहेर किल्ल्या खुळखुळवताहेत, "मास्तर, घरदार नाही का?" म्हणताहेत. सही करतो, पाकीट चिकटवतो, वर्गातून बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

तुझ्याशी खोटं बोललेला आणि आता हलका झालेला,
तुझाच भडक्या