ट्रक नसलेली मालिका

एरंडोल, मंगळवार, संध्याकाळ

दुसऱ्या जगात जाणाऱ्यांची चांगली जपानी ॲनिमे मालिका मिळणं अवघडच. नायक मरतो, तिकडे राजवाड्यात जागा होतो आणि लगेच त्याला सगळं यायला लागतं. त्यात माझी आणखी एक अट. सुरुवातीला ट्रक नको. आणि या मालिकांचे निम्मे नायक ट्रकखालीच मरतात.

अट आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. ते फैजपूरहून ट्रकमध्ये केळी भरून दिल्लीला न्यायचे. उन्हाळ्यात त्यांच्या ट्रकवर एक मोटरसायकल आदळली. माणूस वाचला, चूकही त्याचीच होती. पण आबांनी तेव्हापासून स्टिअरिंग धरलेलं नाही. संध्याकाळी माझ्यासोबत मालिका बघतात, एवढंच.

आज नवीन लावली. माहिती नीट वाचली होती, तरी दुसऱ्याच मिनिटाला ट्रक. मी रिमोट शोधायला लागले तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

शेवटपर्यंत पाहिली त्यांनी. पोरगा तिकडे राजा झाला. मग विचारलं, "आन तो डायवर कोठे शे?"

तो पुन्हा दिसत नाही, मी म्हटलं. कोणत्याच मालिकेत नाही.

"रस्तावर एकलाच उभा व्हई," आबा म्हणाले.

तर अट बदलली. ट्रक असला तरी चालेल. ड्रायव्हर पुढे दिसायला हवा.