लांब मानेच्या फुलदाणीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, मातीकामाच्या कारखान्यात जन्मभर भांड्यांना झिलई चढवलेली आणि म्हणून सगळ्या गल्लीत 'झिलईवाली' याच नावाने ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला कोणी इकडे फिरकावं तर लागतं. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. बाकीच्या अवयवांची हमी त्यांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. 'सगळं पेटवून देईन' वगैरे तोंडाने बोलले असेन ते रागाच्या भरात, ते धरू नये.

कलम २. राहत्या दोन खोल्या आणि मागचं अंगण मुलाला. मुलगा म्हणतो, विकू. विकावं. 'आई डोळ्यांआड झाली आणि याने घर फुंकलं' असं कोणी म्हणालं तर हे कलम नाकासमोर धरावं. या घरात मला हवं होतं ते राहिलेलं नाही, भिंतींचं काय घेऊन बसायचं?

कलम ३. बँकेतली शिल्लक सूनबाईला, मुलाला नाही. मुलगा फोनवर 'काळजी घे' म्हणतो. सून येऊन काळजी घेते.

कलम ४. माझे कुंचले, भांडं झिलईत बुडवायचा चिमटा आणि मोठं पितळी घमेलं चाकवाले भाऊजींना. आमच्या कारखान्यात चाकावर भांडी घडवणाऱ्यांपैकी आता ते एकटेच हयात आहेत. माझ्या मुलीला चाकावर बसवून माती उचलायला त्यांनीच शिकवलं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. म्हणून भाऊजी इथे सही करणार नाहीत आणि हा कागद माझ्या मागेच वाचतील.

साक्षीला शेजारच्या शिंपीणबाई आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही होताना पाहायची असते, असंही वकील म्हणाले. बाई वाचल्याशिवाय राहायच्या नाहीत, म्हणून इथेच लिहिते: माझी लाकडी शिडी तुम्ही माळा झाडायला नेलीत, ती परत करावी. माळा एव्हाना झाडून झाला असेल.

कलम ५. कारखान्याचे मालक आता नाहीत, पण त्यांच्यावरचा राग माझ्या मालमत्तेत धरावा. तो मी कोणालाही देत नाही, सोबत नेते आहे. त्यांचा नियम होता, भांड्याच्या तळाला कोणी नाव घालायचं नाही, खूण नाही, नखाचा ओरखडासुद्धा नाही. "माल कारखान्याचा, तुमचा नव्हे," म्हणायचे. ओरखडा दिसला की भांडं मागच्या उकिरड्यावर. माझी मुलगी छातीच्या तापाने गेली तेव्हा तिचं शेवटचं काम भट्टीतून निघून खोक्यांत भरलं जात होतं. मी मालकांकडे गेले, म्हटलं, एक तरी द्या. ते म्हणाले, "खोक्यांना खिळे ठोकलेत, बाई. पुढच्या खेपेतलं कुठलंही घेऊन जा."

पुढच्या खेपेत ती कुठे होती?

घरी होती ती तिची डागी भांडी, विकायला न चालणारी. ती आम्ही रोज वापरली आणि एकेक करून फोडली. ती जिवंत असताना भांडं फुटलं तर कोण रडत बसतं? कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच, असं म्हणतात. मी आई असून गेले. कारखान्यामागच्या ढिगात खापऱ्या उलटून पाहिल्या, हात कापून घेतले आणि परत आले.

आता जुन्या वस्तूंचे जाणकार त्या कारखान्याचा माल भिंगातून बघतात आणि खाली चिठ्ठी लावतात, 'मालकांच्या हातचं काम'. मालकांनी उभ्या जन्मात चाकाला बोट लावलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस! माझ्याकडे असलेल्या फुलदाणीला कोणीही, कधीही ती चिठ्ठी लावू नये. कर्ता माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहावं. त्याने कोणाचा अपमान होत नाही.

कलम ६. ती फुलदाणी. लांब मानेची, फुगीर पोटाची, गडद निळी. एका भंगारवाल्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवली होती, तिथून मुलाने ती माझ्यासाठी आणली. झिलई माझी आहे यात तिळमात्र शंका नाही. पायाशी मी चिमटा न वापरता बोटांनी धरल्याच्या खुणा आहेत, तशी घाई मीच करायची. म्हणजे भांड्यावर माझी खूण आहे. तिची नाही.

हा घाट कारखान्यात दोघांनाच जमायचा, भाऊजींना आणि माझ्या मुलीला. लहानपणी दारात सापडून तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं बसलं होतं. भाऊजी चिडवायचे, "सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात, हिचं तर भांडंही वाकड्या बोटाने निघतं." भांडं वर ओढताना डावा हात आत असतो आणि आतल्या बाजूला बोटांच्या रेघा उमटतात. सगळ्यांची रेघ एकेरी, तिची दुहेरी: एक खोल आणि तिला चिकटून एक उथळ. बाहेरून भांडं घासून गुळगुळीत करतात, आत कोणी बघत नाही. तिचं नाव असलं तर तिथेच आहे.

पण मान इतकी अरुंद, की करंगळीशिवाय काही जात नाही आणि ती पोटापर्यंत पोचत नाही. मुलाने नळ तपासायचा बारीक कॅमेरा आणून आत सोडला. झिलई चकाकली, बाकी काळोख. पाहायचं तर फोडायला हवी.

"आई, फोडू नकोस," मुलगा म्हणाला. "फोडलीस आणि ताईचीच निघाली तर?"

"आणि नाही निघाली तर?"

मी किती वेळा हातोडी घेऊन अंगणात गेले आणि परत आले. तिची असेल तर तिचं उरलेलं एकुलतं एक भांडं मीच फोडणार. नसेल तर इतकी वर्षं कोणाच्या तरी फुलदाणीला मी पोटाशी धरून बसले. अशी आशा माणसाला जगवते म्हणतात. खोटं आहे ते. त्या आशेने मला धड रडूही दिलं नाही.

म्हणून लिहून ठेवते: माझ्या पश्चात फुलदाणी अंगणात फोडावी, आणि भाऊजींनी आतून बोट फिरवून निकाल सांगावा.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. भाऊजी घमेलं उसनं न्यायला आले. कलम सहा तेवढं मी त्यांना तोंडी सांगितलं. ते भडकले.

"वहिनी, तुम्ही गेल्यावर मी बोट फिरवून निकाल सांगू कोणाला? तुमच्या फोटोला?"

खरं होतं. दोघंही अंगणात गेलो. माझा हात उठेना, म्हणून हातोडी त्यांनी मारली. पोटाचा मोठा तुकडा उचलून त्यांनी डोळे मिटले आणि आतून बोट फिरवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग म्हणाले, "दुहेरी आहे वहिनी. पोरीचीच आहे."

मी तुकडा हातात घेतला आणि माझं बोट फिरवलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. रेघ एकेरी आहे. सगळीकडे एकेरी. फुलदाणी भाऊजींची आहे. स्वतःचं काम त्या माणसाला बोट लावताच ओळखू आलं असणार.

"हो," मी म्हटलं. "दुहेरीच आहे."

ते पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. मी त्यांना पाणी दिलं.

तेव्हा कलम सहा रद्द. त्याऐवजी असं: फुलदाणीचे सगळे तुकडे, फडक्यात बांधून, चाकवाले भाऊजींना द्यावेत. ज्याचं त्याला. भाऊजी, तुम्ही हे वाचाल तेव्हा मी रागवायला नसेन, आणि असते तरी रागावले नसते. तुमचं जन्मभराचं काम मालकांच्या नावावर लागलं, आणि तुमच्या हाती एक भांडं परत आलं तर तेही तुम्ही माझ्या मुलीच्या नावावर करून टाकलंत. तिच्या नावावर झालेली तेवढीच मालमत्ता. पण ती मला ठेवता येत नाही, भाऊजी. ती तिची नाही.

शिंपीणबाई, हे वाचलं असलंत तर मी जिवंत आहे तोवर भाऊजींपाशी तोंड उघडू नका. त्या बदल्यात शिडी तुम्हीच ठेवा. कलम चारमधली ती मागणी मी मागे घेते.

मुलाने यापुढे बाजारातून निळी भांडी बघत फिरू नये. आईसाठी म्हणूनही नको. माझ्या मुलीच्या हातचं या जगात काही सापडलेलं नाही, असं मी पूर्ण शुद्धीवर लिहून देते.

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळचं टेबल. फुलदाणी ठेवायची खिडकीची फळी आता रिकामी आहे.
तारीख: दाखल्यावर डॉक्टरांनी घातली आहे तीच.

सही: झिलईवाली

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर. सही होताना पाहिली.
२. शेजारची शिंपीण. सही होताना पाहिली. वाचलंही. शिडी उद्या आणून देते, गप्प बसायला मला ती नको.