तीन खेपा आणि एक कुलूप

दि. ९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
पारपत्र पडताळणी कक्ष, रायपूर.

विषय : अर्जदार दिलेल्या पत्त्यावरच राहते, फक्त घरी सापडत नाही, याबद्दल, व फेरपडताळणी मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. २९ डिसेंबरचे पत्र. शेरा : ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही.’

महोदय,

आपल्या दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव वाचले, म्हणून अर्ज मराठीत केला आहे. हिंदी प्रत मागे टाचली आहे.

१. अर्जदार सत्यभामा लहानू रामटेके, वय ५९, राहणार तात्यापारा, हिने अठरा वर्षे मितानिन, म्हणजे इकडची आशा सेविका, म्हणून घरोघरच्या बाळंतिणी आणि खाटेला खिळलेली माणसे पाहिली. काम सुटून वर्ष झाले. पायांना ते अजून कळलेले नाही.

२. श्रीलंकेत, चहामळ्यांच्या डोंगरात, जन्मभर पाने खुडून कमरेत वाकलेल्या बायांसाठी एका विहाराने आश्रम काढला आहे. तेथे सहा महिने बिनपगारी राहायचे, सकाळी त्या म्हाताऱ्यांची सेवा करायची आणि दुपारी तिथल्या पोरींना ती सेवा शिकवायची, यासाठी रायपुरातून चौघी निवडल्या; त्यांत अर्जदार आहे. तिला सिंहली येत नाही, तमिळही येत नाही. परंतु पाठीला जखम होऊ न देता माणसाची कूस बदलायला भाषा लागत नाही, हात लागतात. जथा २० फेब्रुवारीला निघेल. तोवर पारपत्र न मिळाल्यास जागा दुसरीला जाईल, आणि पुढच्या वर्षी साठी उलटलेली अर्जदार वयाच्या अटीत बसणार नाही.

३. पडताळणीसाठी आरक्षक (पोलीस शिपाई) सुशील भैया तीनदा आले व तिन्ही वेळा कुलूप पाहून गेले, हे खरे आहे. २ डिसेंबरला अर्जदार शंकर नगरात निधी नावाच्या बाळंतिणीच्या अकरा दिवसांच्या लेकीला न्हाऊ घालत होती. ८ तारखेला ती पाऱ्यातल्याच, म्हणजे मोहल्ल्यातल्याच, शरच्चंद्र गुरुजींना भरवत होती. गुरुजींचे अर्धे अंग गेले आहे आणि ओवीवाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही :

पहिला माझा घास, भात रोवणाऱ्या हाताले
दुसरा माझा घास, चूल फुंकणाऱ्या मातेले

अशा बावीस ओव्या होतात तेव्हा वाटी रिकामी होते. मध्येच उठून घरी येणे शक्य नव्हते.

४. भैयांनी शेजारी चौकशी केली. सत्यभामा रामटेके हे नाव पाऱ्यात कोणालाच ठाऊक नाही. लहानथोर सगळे ‘मितानिन’च म्हणतात. एकट्या शेजारीण रमाबाईंना नाव माहीत होते. त्या म्हणाल्या, “ते कायले घरी राहील जी? घर तं तिनं कुलूप लावाले घेतलं हाय.” हे बोलणे लाडाचे होते. ते जबानी म्हणून लिहिले गेले आणि त्यावरच शेरा पडला. रमाबाई तेव्हापासून अर्जदाराला रोज भाजी देऊन राहिल्या आहेत. तरी त्यांना दोष लागू नये.

५. तिसरी खेप १३ डिसेंबरची, दुपारी चारची. त्या वेळी अर्जदार कौतिकाबाई नावाच्या आजींकडे होती. आजींचे खुब्याचे हाड मोडले होते. कूस बदलताना आजी म्हणाल्या, “माहा पोट्टा कोण्या बाईले शोधून शोधून थकला. अशी कशी बाई हाय ते, घरदार टाकून हिंडते?” अर्जदारानेही त्या बाईला दोन शब्द लावले. आपले पत्र आले, त्याखाली आरक्षकाचे नाव आणि आजींचेच आडनाव वाचले, तेव्हा कळले की तो पोट्टा म्हणजे सुशील भैया, आणि ती बाई म्हणजे अर्जदार. भैया दिवसभर ड्युटीवर असतात, त्यामुळे आईची मितानिन त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

६. कौतिकाबाईंनी साक्ष द्यायचे ठरवले, पण अंगठा लावायला त्या तयार नव्हत्या. म्हणून अर्जदाराने त्यांना एक्स-रेच्या पाकिटावर आठ दिवस अक्षरे गिरवायला लावली. जोडलेली सही त्यांच्या आयुष्यातली पहिली आहे. शेवटचे अक्षर कागदाबाहेर गेले आहे, ते माफ असावे. सही करताना त्या म्हणाल्या, “मी सही केली का तू जाशील. करतो तरी. तिथल्या बुढ्यांईलेही पाठ हाय.” त्यांची सून आता सासूची कूस अर्जदारापेक्षा हलक्या हाताने बदलते, हेही नमूद करण्यासारखे आहे.

तरी विनंती की, सोमवार दि. १९ जानेवारी रोजी फेरपडताळणी व्हावी. त्या दिवशी अर्जदार सकाळपासून घरीच बसून राहील. असा दिवस तिच्या आयुष्यात पूर्वी आलेला नाही, म्हणून तो वाया जाऊ देऊ नये. काम मात्र थांबणार नसल्यामुळे निधी लेकीला घेऊन येईल, गुरुजी चाकाच्या खुर्चीवरून येतील आणि कौतिकाबाई ऑटोने येतील. एकाच खोलीत गर्दी होईल. तिला जमाव समजू नये. चहा रमाबाईंकडे आहे.

आपली, सोमवारी नक्की घरी असणारी,
सत्यभामा लहानू रामटेके
(मितानिन)

सोबत :
१) वीजबिल व भाडेकरार.
२) विहाराचे निवडपत्र.
३) रमाबाईंचे लेखी स्पष्टीकरण, ‘मी गंमत केली होती’.
४) कौतिकाबाईंची सही.

ता. क. : सुशील भैयांनी येताना त्यांच्या आईची पाठीमागची उशी आणावी. ऑटोत ती विसरण्याचा संभव आहे.