कोणीच न जेवलेलं जेवण

शिरूर, बुधवार

तीर्थस्वरूप मच्छिंद्रमामांना अपेक्षाचा साष्टांग नमस्कार. मामींचे गुडघे बरे असावेत. (तुमच्या पोटाचं मुद्दाम विचारलं नाही, त्यावर खाली येते.)

तुम्ही चारचौघांत म्हणता, "भाची डॉक्टर हाय, पण सुई टोचत न्हाई, म्हंजी करती तरी काय?" तर मामा, मी साथरोगतज्ज्ञ. साथ आली की कोण कुठं काय जेवलं हे विचारत हिंडायचं आणि नेमका कोणता पदार्थ बाधला ते शोधायचं. रविवारी ही वेळ नेमकी तुमच्याच गावात आली. एकेचाळीस जणांना जुलाब, त्यात नऊ शाळकरी पोरं. पोरं म्हटल्यावर गावानं ठरवूनच टाकलं की दोष शाळेत खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाईंचा. सोमवारी त्यांना घरी बसवलं आणि शुक्रवारपर्यंतचा अहवाल माझ्या गळ्यात पडला.

शनिवारी दुपारी निवडणुकीत तुमच्या विरोधात उभ्या गोकुळशेठच्या पॅनेलचं मटणाचं जेवण होतं. पाचशे माणसांची पातेली रिकामी झाली, पण जेवलेलं कोणीच नाही. तुमच्या पॅनेलची माणसं कबूल करीनात, कारण समोरच्याचं मीठ खाल्लं असं होईल. त्यांची माणसं कबूल करीनात, कारण आचारसंहिता. जो तो म्हणतो, "घरीच भाकर खाल्ली, म्याडम." सलाईन लावलेल्या बबनरावांनी तर मला एकादशीचा उपास सांगितला. (नव्हती. मी कॅलेंडर पाहिलं.) न जेवता झालेली विषबाधा आम्हाला कॉलेजात शिकवली नव्हती.

शेवटी वाढपी ज्ञानदेव भेटला. मटण सकाळीच शिजवून टेम्पोत उन्हात ठेवलं होतं आणि पोरं बापांसोबत जेवायला आली होती, हे त्यानंच सांगितलं. लिहून मात्र देईना. म्हणाला, "आदी एखाद्या मोठ्या माणसाची सही घ्या, मग मी करतो. मला गावात ऱ्हायचंय." इकडं तुळजाबाई रोज आरोग्य केंद्राच्या पायरीवर येऊन बसतात. मला त्यांच्याकडं बघवत नाही.

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार.

तुमची,
अपेक्षा

ता. क. सोबत फॉर्म आहे. 'शनिवारचं मटण खाल्लं का?' या आठव्या प्रश्नापुढं 'होय' लिहून सही करा. डोक्यावर टॉवेल घेतला तरी ज्ञानदेवनं तुम्हाला ओळखलं होतं. मटणाच्या दोन नळ्या वाढल्या म्हणतो.

ता. क. दुसरा. पॅनेलप्रमुख म्हणून तुमची अडचण मला कळते. पण तुळजाबाईंना घरी बसवायच्या ठरावावर शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून पहिली सही तुमचीच आहे. वाकडी आली आहे, मामा, कारण तेव्हा त्या हाताला सलाईन लावलेलं होतं.