न पाहिलेलं भूत

रविवार, संध्याकाळ

त्या भूतपटाचा दुसरा भाग आज एकटीनंच पाहून आले. अगदीच फुसका. भूत म्हणजे पावडर थापलेली बाई, हसूच आलं. पहिल्या भागात केवढी घाबरले होते मी!

पण खरंच? तो अक्काबरोबर पाहिला होता. भूत यायच्या आधीच ती माझ्या डोळ्यांवर हात ठेवायची आणि कानात सांगायची, "आली बघ. केस लई लांब हायत. आपल्याकडंच बघतीय की!" हाताला शेंगा चटणीचा वास, कारण चटणी-चपातीच्या गुंडाळ्या आम्ही पर्समधून चोरून आत न्यायचो. म्हणजे पहिल्या भागातलं भूत मी पाहिलंच नाही. ते अक्कानं सांगितलेलं होतं.

आजही सवयीनं दोन गुंडाळ्या नेल्या. दोन कशाला? एकही खाल्ली नाही.

घरी येऊन अक्काला हुबळीला, तिच्या सासरी फोन लावला.

"कसं हाय गं यंदाचं भूत?"

"मी डोळे मिटले होते. तूच सांग की."

ती हळूच म्हणाली, "आली बघ..."

मी डोळ्यांवर हात ठेवला. माझ्या हाताला चटणीचा वास नव्हता.