काचेपुढचा गोलकीपर

प्रिय चिकट्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. "ताई, ठेवतो, सरावाला जायचंय" म्हणून तू मोकळा होतोस आणि माझं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. आता मुकाट्याने बस आणि शेवटपर्यंत वाच. मधल्या ओळी गाळल्यास तर मला कळेल. लहानपणी तुझा अभ्यास मीच घेत होते, तुझ्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत.

आधी घरची खबर. आई ठणठणीत आहे. नव्या क्लबाने तुझ्यासाठी मोजलेली किंमत पेपरात छापून आल्यापासून मात्र तिला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "आता तुम्हीसुद्धा?" शाळेच्या सगळ्या खिडक्यांच्या काचांचं काम आपल्याकडे आलंय, कापणं आणि बसवणं दोन्ही मी करते. बाबा नुसते मागे हात बांधून फिरतात आणि काचेच्या कडेला मी लावलेल्या लांबीवर बोट फिरवून बघतात. चूक सापडली नाही की तोंड पाडून बसतात. आणि हो, तुझी खोली. गेल्याच्या गेल्या रविवारी तू म्हणालास, इथला जुना क्लब उरलेल्या हंगामापुरतं तुला परत घ्यायला तयार आहे, महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचाय, तेव्हा खोली झाडून ठेव, आणि बाबांना एवढ्यात सांगू नकोस. खोली मी झाडलेली नाही. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीने, सावकाश.

पेपरातलं ते व्यंगचित्र तू मनाला फारच लावून घेतलंस. तू मुलाखतीत सांगितलंस की वडील काचकाम करतात, आणि पुढच्याच सामन्यात तुझ्या हातून कॉर्नरचा चेंडू सुटला. मग त्या चित्रकाराला आयतंच मिळालं. तुझे दोन्ही हात काचेचे काढले, मनगटापासून तडकलेले. आईने तो पेपर लपवून ठेवला होता, पण बाबांच्या हाती लागलाच. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काच अशी तडकत नाही. याने कधी काच हातात धरलेली दिसत नाही." एवढं बोलून पेपर बाजूला ठेवला आणि जेवायला बसले. मला हसू आवरेना. तुझ्या तिकडच्या लोकांनी तुला संघाबाहेर बसवलं, पेपरवाल्यांनी तुझी सालटी काढली, आणि आपल्या बाबांची तक्रार काय, तर तडा चुकीचा काढलाय.

पण त्या चित्रापेक्षा तुझी ती मुलाखतच मला जास्त लागली होती. काचकामाचं सांगितलंस आणि खरी गोष्ट सांगितलीच नाहीस. आपलं अंगण सांगायचंस की! एका टोकाला फाटक आणि फाटकाबाहेर गाड्यांचा रस्ता, म्हणून तिकडे चेंडू मारायची सोय नाही. दुसऱ्या टोकाला शेड, आणि शेडच्या तोंडाशीच बाबांची ती लाकडी घोडी, तिच्यावर उभ्या टेकवलेल्या मोठमोठ्या काचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना तयार तावदानं. अशा ठिकाणी खेळायला दुसऱ्या कुठल्या बापाने परवानगी दिली असती? बाबांनी दिली, आणि अट एकच घातली, एक काच फुटली की खेळ कायमचा बंद. मी मारायची आणि तू घोडीपुढे उभा राहायचास. नुसतं अडवून चालायचं नाही, कारण हाताला लागून चेंडू बाजूला उडाला तर तिथेही काचाच. म्हणून आतून कापता कापता बाबा ओरडायचे, "धर!" आणि तू धरायचास. पोटाशी, छातीशी, कधी जमिनीवर लोळून, पण धरायचासच. चिकट्या हे नाव मी उगाच नाही ठेवलं. आपला खेळ कधी बंद पडला नाही, यातच काय ते आलं. तुला गोलकीपर कोणी केलं म्हणून आता मोठमोठे लोक विचारतात. अर्धा बाबांच्या काचांनी केला, अर्धा माझ्या लाथांनी, असं सांगत जा.

आता तिकडचे तुझे ते मिशीवाले कोच म्हणतात, गर्दीत चेंडू धरू नकोस, ठोसा मारून लांब घालव. तू म्हणतोस, "ताई, कळतं गं मला, पण हात आपोआप उघडतात." उघडणारच. इथे आपल्या क्लबात कोणी तुझ्या अंगावर चढून येत नव्हतं, धरलास की टाळ्या. तिथे ताडमाड पुढचे खेळाडू खांद्यावर रेलतात आणि तू त्यांच्यामध्ये दोन्ही हात पसरून चेंडू कवेत घ्यायला जातोस. त्यात चूक हातांची नाही. तुला अजून मागे काचा दिसतात, एवढंच.

आणि हे मला कसं कळलं? तर बस नीट. शनिवारी तुला पुन्हा संघात घेतलं, त्या सामन्याला आम्ही तिथे होतो. तू म्हणाला होतास, जम बसला की मी बोलावीन, तोवर कोणी येऊ नका. मी तिकीट काढत होते, तर बाबा म्हणाले की त्यांनाही त्या शहरात एका दुकानाची काच बघायला जायचंय. मी दोन तिकिटं काढली. ते कुठली काच बघणार होते ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि स्टेडियमच्या दारात पोहोचेपर्यंत आम्ही दोघंही त्या दुकानाबद्दल अतिशय गंभीर होतो. जागा मिळाली ती तुझ्या गोलच्या मागे. पुढच्या रांगेत क्लबाचा मफलर गुंडाळलेला एक आडदांड माणूस. सामना सुरू झाला आणि त्याची टकळीही. चेंडू तुझ्याकडे वळला रे वळला की तो म्हणायचा, "गेला! एवढे पैसे ओतून चाळणी विकत घेतली!" माझे हात शिवशिवत होते. बाबांनी मात्र खिशातून पेपरमिंट काढून त्याला दिली. मला वाटलं, त्याचं तोंड बंद करायला. बाबा म्हणाले, बिचाऱ्याचा घसा बसेल.

शेवटी तुमचा संघ एका गोलने पुढे, आणि कॉर्नर. तुझ्यापुढे ही गर्दी. त्या चित्रातल्यासारखाच प्रसंग, आणि सगळं स्टेडियम एकदम चूप. मग तुझा आवाज आला, "माझा!" तू पुढे झेपावलास, सगळ्यांच्या डोक्यांवरून वर गेलास, आणि तुझे हात उघडले नाहीत, रे. मूठ होती. असा ठोसा हाणलास की चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. आणि आम्ही दोघांनी काय केलं असेल? मी कानांवर हात ठेवले. बाबांनी मान खांद्यात घालून डोळे गच्च मिटले, काच निसटली की मिटतात तसे. सगळं स्टेडियम नाचत होतं आणि आम्ही दोघं खळकन आवाज येण्याची वाट बघत होतो. आवाज आलाच नाही. मी वळून पाहिलं तर तो आडदांड माणूस बाबांना मिठी मारून गदागदा हलवत होता. बाबा त्याच्या मफलरातून कसेबसे म्हणाले, "माझा आहे तो." तो म्हणाला, "आता सगळे असंच म्हणणार, काका!" बाबांनी त्याला आणखी एक पेपरमिंट दिली.

मला किती अभिमान वाटला ते लिहायला मला येत नाही, तरी लिहिते. इतकी वर्षं मी तुला धरताना पाहिलं, पण ज्या दिवशी तू सोडलंस, त्या दिवशी मला वाटलं, हा माझा भाऊ, आणि याला मी मोठं होताना बघितलंय. संध्याकाळी तू आईला फोन करून नुसतं "ठीक झाला" म्हणालास. ठीक? गाढवा!

परतीच्या बसमध्ये मी बाबांना सांगून टाकलं, की तू परत यायचं म्हणतोयस. तू सांगू नको म्हणाला होतास, पण त्या सामन्यानंतर मला राहवेना. सोमवारी मी कामावर आले तर अंगणात बाबा शर्टाच्या बाह्या सरसावून घोडीचे खिळे उपसत होते. काचा त्यांनी आधीच आतल्या खोलीत नेल्या होत्या, एकट्याने, कंबरेची पर्वा न करता. भिंतीलगतची तावदानंही हलवली होती. माझ्या जन्माच्या आधीपासून जी घोडी तिथे होती, तिच्या फळ्या त्यांनी फाटकाशी रचल्या आणि शेडच्या रिकाम्या तोंडाशी उभे राहून मला म्हणाले, त्याच्याशी फोनवर माझ्याने बोलणं व्हायचं नाही, तू लिही. म्हणून हे पत्र, चिकट्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "त्याला म्हणावं, खोली त्याचीच आहे, सुट्टीत ये. पण आता तिथेच खेळ. आणि म्हणावं, मारत जा बिनधास्त. मागे काच नाही."

तुला अजूनही गोल मारू शकणारी,
तुझीच
ताई