माझ्या हुकला शून्य

सोमवार, ३ मार्च, सकाळी १०.४२
माझा अपमान झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. घरच्या सर्व्हरच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, मी स्वतः लिहिलेला हुक, म्हणजे छोटा तपासनीस प्रोग्रॅम, बसवला, फायरवॉल सुरू केली, आणि स्क्रीनवर आलं, 'बॅड ॲड्रेस'. इतकी वर्षं इथे राहते. पत्ता उत्तम आहे.
हुकचं काम साधं. कुठलाही प्रोग्रॅम सॉकेटची, म्हणजे नेटच्या जोडणीची, सेटिंग्ज कर्नलला पाठवू लागला की आधी ती हुकने तपासायची. मी कुणाच्या मध्ये पडत नाही. फक्त बघते.

सोमवार, दुपार
सून म्हणाली, आई, फायरवॉलची नियमावली तीन पानांची. कर्नल हुकला पहिलंच पान दाखवतो, ४०९६ बाइट्स. तुम्ही मात्र तिन्ही पानं तपासली म्हणून सही ठोकता, म्हणून तो सगळंच नाकारतो.
मग? शाळेत कम्प्युटर शिकवायचे तेव्हा मी जर्नलचं पहिलं पान बघूनच मार्क द्यायचे. कधी चूक झाली नाही. निदान कुणी बोललं नाही.
तिचा उपाय: मजकूर एका पानाहून मोठा असला की हुकने तपासलेली लांबी शून्य लिहायची. म्हणजे, मी हात लावला नाही, मूळ मजकूर जाऊ दे. शून्य मी देते, घेत नाही. हुक तात्पुरता काढला.

बुधवार
हुक पुन्हा बसवला. शून्याऐवजी लांबी ४०९६ लिहिली, उरलेली पानं कापली. सुटसुटीत. आता फायरवॉल म्हणते, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. माझं आर्ग्युमेंट कॉन्व्हेंटच्या सिस्टरनाही खोडता आलं नव्हतं.
फायरवॉल सुरू झाल्याशिवाय सर्व्हर घरात नेट येऊ देत नाही. मुलगा म्हणाला, हुक काढ, परवा अकराला हिची बढतीची ऑनलाइन मुलाखत आहे. म्हटलं, परवा ना? उद्या दुरुस्त करते.

गुरुवार
डोकं दुखलं. उद्या सकाळी नक्की.

शुक्रवार
साडेदहाला सून लॅपटॉप काखेत मारून शेजारणीकडे निघाली. दारातून परत फिरली, माझ्या खांद्यावरून वाकून एक ओळ टाइप केली: लांबी ४०९६च्या वर, तर शून्य. फायरवॉल सुरू झाली. नेट आलं. तिने खोलीचं दार लावून घेतलं.
संध्याकाळी कळलं, बढती मिळाली. माझा हुक आता काय करतो, विचारलं. म्हणाली, मोठं काही आलं की बाजूला उभा राहतो, आई. छान काम करतो.
मला न विचारता माझ्या कामाला शून्य दिल्याचा खुलासा तिने लेखी द्यावा. मुदत रविवार, दुपारी बारा. एका पानात बसवावा. पुढची पानं मी वाचत नाही.